फोन कारला जोडताना: केबल, ब्लूटूथ आणि वायफाय यांची कामं ओळखा

‘फोन जोडलाय, पण स्क्रीनवर नकाशा येत नाही.’ ‘गाणी वाजतात, पण कॉल आला की आवाज फोनमधूनच येतो.’ ‘केबल लावली की चार्जिंग होतं, बाकी काहीच होत नाही.’ नव्याने कार वापरू लागलेल्या माणसांकडून ही तीन वाक्यं मी वारंवार ऐकतो, आणि तिन्हींचं मूळ एकच असतं. फोन आणि कार यांच्यामध्ये एक वाट नसते, अनेक असतात. प्रत्येक वाटेने वेगळा माल जातो. कॉलची वाट वेगळी, गाण्यांची वेगळी, नकाशाच्या चित्राची वेगळी, विजेची तर अगदीच वेगळी. कुठल्या वाटेने काय जातं हे एकदा कळलं, की बिघाड कुठे आहे ते तुमचं तुम्हालाच सापडतं.

आधी गाडी उभी करा आणि पोर्ट पाहा

हे काम घाईत, सिग्नलला थांबलेलं असताना करायचं नाही. गाडी सुरक्षित जागी उभी करून पंधरा-वीस मिनिटं काढा. अनेक गाड्यांमध्ये गाडी धावत असताना नवा फोन पेअर करता, म्हणजे पहिल्यांदा ओळख पटवून जोडता येत नाही. ती सोय मुद्दामच बंद ठेवलेली असते. त्यामुळे ‘पेअरिंगचा पर्यायच दिसत नाही’ असं झालं, तर गाडी पूर्ण थांबली आहे का आणि हँडब्रेक लावला आहे का, हे आधी पाहा.

आता डॅशबोर्डच्या खाली, मधल्या खणात आणि आर्मरेस्टच्या आत डोकावा. आयताकृती, रुंद तोंडाचं पोर्ट म्हणजे यूएसबी-ए. लहान, लंबगोल, दोन्ही बाजूंनी केबल बसते ते यूएसबी-सी. पोर्ट एकापेक्षा जास्त असतील तर त्यांच्याशेजारच्या चिन्हांकडे नीट लक्ष द्या. फोनचं किंवा तीन फांद्यांच्या त्रिशूळासारखं चिन्ह असेल, तर त्या पोर्टमधून सहसा माहितीही जाते. नुसतं बॅटरीचं किंवा विजेचं चिन्ह असेल, तर तिथे बहुधा फक्त चार्जिंग होतं. मागच्या सीटसाठी दिलेली पोर्ट बऱ्याचदा फक्त चार्जिंगचीच असतात. चुकीच्या पोर्टमध्ये केबल खुपसून स्क्रीनकडे बघत बसणारे खूप भेटतात; गाडीचं माहितीपुस्तक दोन मिनिटं चाळलं तरी ही फरफट वाचते.

शेवटी स्क्रीनच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅपल कारप्ले’ (आयफोनसाठी) किंवा ‘अँड्रॉइड ऑटो’ (अँड्रॉइड फोनसाठी) ही नावं आहेत का ते बघा; फोनमधली ॲप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या या सोयी आहेत. नसतील आणि फक्त ब्लूटूथ असेल, तर गाडीच्या स्क्रीनवर फोनचा नकाशा येणार नाही. कॉल आणि गाणी मात्र व्यवस्थित चालतील.

ब्लूटूथ: एका नावाखाली चार कामं

ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याच्यावरून आलं आहे, आणि त्याचं चिन्ह जुन्या रून लिपीतली त्याची दोन आद्याक्षरं जोडून बनवलेलं आहे. वेगवेगळ्या जमातींना एका राज्यात आणणारा राजा म्हणून त्याची ख्याती होती. वेगवेगळ्या उपकरणांना एकत्र आणणाऱ्या तंत्राला त्याचं नाव द्यावं, ही कल्पना मला अजूनही आवडते.

गाडीत मात्र हे ‘एक’ ब्लूटूथ आतून चार कामं करतं. दोन्ही बाजूंचं बोलणं नेणं हे एक काम. स्टिरिओ गाणी नेणं हे दुसरं. पुढचं गाणं, मागचं गाणं, थांबव, चालू कर अशा सूचना पोचवणं हे तिसरं. संपर्कयादी, कॉलची नोंद आणि मेसेज गाडीला दाखवणं हे चौथं. ही कामं स्वतंत्र असल्यामुळे त्यातलं एक चालू आणि दुसरं बंद असं सहज होऊ शकतं.

जोडण्याची पद्धत जवळजवळ सगळीकडे सारखीच आहे. फोनचं ब्लूटूथ चालू करून त्याच सेटिंगच्या पानावर थांबा, कारण बरेच फोन तेवढ्या वेळेपुरतेच इतर उपकरणांना दिसतात. मग गाडीच्या स्क्रीनवर ‘नवीन उपकरण जोडा’ किंवा तशा अर्थाचा पर्याय निवडा. यादीत फोनचं नाव आलं की त्यावर टेकवा. दोन्हीकडे सहा आकडी संख्या येईल. ती सारखी असेल तरच ‘होय’ म्हणा. हा नुसता उपचार नाही. शेजारच्या गाडीला चुकून जोडले जाऊ नये, म्हणूनच ती संख्या दाखवतात. त्यानंतर फोन संपर्क आणि कॉलनोंदी देण्याची परवानगी मागेल. स्वतःची गाडी असेल तर द्या, दुसऱ्याची असेल तर नाकारा. नाकारली तरी कॉल येतील, फक्त नावाऐवजी नंबर दिसेल.

आता सुरुवातीची तक्रार आठवा: गाणी वाजतात, कॉल फोनमधून येतो. अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावाशेजारी छोटं चक्र असतं. ते उघडलं की ‘फोन कॉल’, ‘मीडिया ऑडिओ’, ‘संपर्क शेअर करणं’ अशी वेगवेगळी बटणं दिसतात. त्यातलं कॉलचं बटण बंद असतं, इतकंच. आयफोनवर गाडीच्या नावाशेजारच्या माहितीच्या खुणेवर टेकवून संपर्क आणि सूचनांचे पर्याय तपासता येतात.

आवाज बारीक येत असेल, तर बहुतेकदा कारण असं की फोनचा आवाज वेगळा आणि गाडीचा वेगळा धरला जातो. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त गाडीच्या बटणाने करा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण ब्लूटूथच्या निम्म्या कटकटी तिनेच सुटतात. पेअर होताना फोन आणि गाडी एक गुप्त किल्ली तयार करतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. पुढच्या वेळी त्याच किल्लीने ओळख पटते. फोन बदलला, रीसेट केला किंवा एका बाजूचीच नोंद पुसली, तर एकाकडे जुनी किल्ली उरते आणि जोडणी होता होता तुटते. अशा वेळी दोन्ही बाजूंची नोंद पुसा. फोनमध्ये ‘हे उपकरण विसरा’ आणि गाडीत ‘फोन हटवा’. मग फोन एकदा बंद करून चालू करा आणि नव्याने पेअर करा. एकाच बाजूने पुसून पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही.

घरातले दोघं एकच गाडी वापरत असतील, तर दोघांचे फोन पेअर करून ठेवता येतात. कोणाचा आधी जोडला जावा याचा प्राधान्यक्रम बऱ्याच गाड्यांमध्ये ठरवता येतो. तो ठरवला नाही, तर गाडी सहसा शेवटच्या वेळी जोडलेला फोन आधी शोधते, आणि तुम्ही गाडीत असताना घराच्या गॅलरीत बोलणाऱ्या माणसाचा कॉल स्पीकरवर येऊ शकतो.

केबल: सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाची

माझ्या ओळखीच्या एकांनी तीन संध्याकाळी सेटिंग उलटीपालटी करण्यात घालवल्या होत्या. गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट केलं, फोन रीसेट करायच्या बेतात होते. मी दुसरी केबल लावली आणि स्क्रीनवर नकाशा आला. जुनी केबल फक्त चार्जिंगची होती.

साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्त केबलींमध्ये आणि काही चार्जरसोबतच्या केबलींमध्ये माहितीच्या तारा नसतातच. वरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. ओळखायचं कसं? ती केबल फोनला आणि संगणकाला जोडा. संगणकावर फोन दिसला, फोटो किंवा फाइली उघडता आल्या, तर केबलमध्ये माहितीच्या तारा आहेत. नुसतं चार्जिंग सुरू झालं, तर ती केबल पॉवर बँकेसोबत ठेवा आणि गाडीतून काढून टाका.

लांबी एक मीटरच्या आत ठेवा. लांब केबलमध्ये वीजही कमी पोचते आणि माहितीचं वहनही डळमळीत होतं. खड्ड्यावरून गाडी गेली की कारप्ले तुटतं अशी तक्रार असेल, तर केबलचं टोक सैल झालेलं असतं किंवा फोनच्या पोर्टमध्ये खिशातली लव आणि धूळ साचलेली असते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती हळुवार काढा. धातूची सुई किंवा पिन मुळीच घालू नका.

आता विजेचं गणित. यूएसबी २.० चं माहितीचं पोर्ट प्रमाणानुसार ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतं, म्हणजे फक्त २.५ वॅट. यूएसबी ३.० चं पोर्ट ९०० मिलिअँपिअर, म्हणजे ४.५ वॅट. बऱ्याच गाड्यांची पोर्ट यापेक्षा जास्त, १.५ अँपिअरपर्यंत देतात, पण जुन्या गाडीत २.५ वॅटचं पोर्टही सापडतं. नकाशा चालू, स्क्रीन चालू, ऊन काचेतून थेट फोनवर. अशा वेळी फोनचा खर्च मिळकतीपेक्षा जास्त होतो आणि केबल लावलेली असूनही बॅटरी उतरते. यात फोनचा किंवा बॅटरीचा दोष नसतो. फोनची स्क्रीन बंद ठेवा, तो उन्हातून काढा आणि जमल्यास गाडीचं यूएसबी-सी पोर्ट वापरा. नुसतं चार्जिंगच हवं असेल, तर १२ व्होल्टच्या गोल सॉकेटमध्ये चांगला चार्जर लावणं सगळ्यात सोपं.

आयफोनवाल्यांसाठी एक सूचना: आयफोन १५ पासून, म्हणजे २०२३ पासून, फोनचं पोर्ट यूएसबी-सी झालं आहे. जुन्या गाडीत यूएसबी-ए असेल, तर यूएसबी-ए ते यूएसबी-सी अशी अखंड केबल घ्या. मध्ये छोटा अडॅप्टर घालणं मी टाळतो. सांधा वाढला की हालण्याची जागा वाढते.

कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो: चित्र फोनचं, काच गाडीची

कारप्ले २०१४ मध्ये आलं आणि अँड्रॉइड ऑटो त्याच वर्षी जाहीर होऊन २०१५ मध्ये लोकांच्या हाती पडलं. दोन्हींची कल्पना एकच आहे. ॲप फोनमध्येच चालतं; फोन स्क्रीनचं चित्र तयार करून गाडीला पाठवतो आणि तुम्ही गाडीच्या स्क्रीनवर कुठे बोट लावलं ते गाडी फोनला कळवते. म्हणून नकाशाचं इंटरनेट फोनचंच खर्च होतं, आणि नकाशा जुना वाटला तर अपडेट फोनमधलं ॲप करायचं, गाडी नव्हे.

मिळत्याजुळत्या नावाचं ‘अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह’ मात्र वेगळं आहे. ती गाडीतच बसवलेली संपूर्ण प्रणाली आहे आणि ती फोनशिवाय चालते. २०२० मध्ये आलेली पोलस्टार २ ही ती घेऊन आलेली पहिली गाडी. गाडीच्या माहितीपत्रकात यातलं नेमकं कोणतं लिहिलं आहे ते नीट वाचा.

तारेने पहिल्यांदा जोडताना फोन अनलॉक ठेवा. लॉक असलेल्या फोनला केबल लावली की परवानगीचे प्रश्न दिसतच नाहीत आणि जोडणी अर्धवट राहते. योग्य पोर्टमध्ये केबल लावा, फोनवर जे विचारलं जाईल ते वाचून मान्य करा, मग गाडीच्या स्क्रीनवर मान्य करा. आयफोनवर सिरी, म्हणजे त्याचा बोलका सहायक, चालू असणं आवश्यक आहे. ती बंद असली तर कारप्ले सुरूच होत नाही. हे कारण पटकन कोणाच्या लक्षात येत नाही. फोन लॉक असतानाही कारप्ले चालू द्यायची परवानगी द्या, नाहीतर दर वेळी फोन उघडावा लागेल.

अँड्रॉइड १० पासून अँड्रॉइड ऑटो फोनमध्येच असतं, वेगळं ॲप शोधायची गरज नाही. त्याआधीच्या फोनवर ते ॲप स्टोअरमधून घ्यावं लागतं. गाडीच्या स्क्रीनवर काहीच उमटत नसेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘अँड्रॉइड ऑटो’ शोधा आणि आधी जोडलेल्या गाड्यांची यादी पुसून पुन्हा प्रयत्न करा.

स्टिअरिंगवरचं बोलण्याचं बटणही याच वेळी तपासून घ्या. पुष्कळ गाड्यांमध्ये ते थोडं दाबलं तर गाडीचा स्वतःचा सहायक बोलतो आणि दाबून धरलं तर सिरी किंवा गुगल असिस्टंट. हे माहीत असलेला माणूस रस्त्यावरून नजर न हटवता फोन लावतो. माझ्या मते या सगळ्या जोडाजोडीचं सगळ्यात मोठं मोल तिथेच आहे.

बिनतारी जोडणीत दोन रेडिओ काम करतात

‘ब्लूटूथवरून अँड्रॉइड ऑटो चालतं’ असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धसत्य आहे. ब्लूटूथच्या वाटेने गाणी जातात, पण हलणारं चित्र पेलण्याइतकी ती रुंद नाही. प्रत्यक्षात गाडी आणि फोन ब्लूटूथवर एकमेकांना ओळखतात, वायफायचा तपशील देतात-घेतात आणि मग चित्र गाडीच्या स्वतःच्या वायफायवरून जातं, सहसा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणून फोनचं वायफाय बंद असेल तर बिनतारी जोडणी होत नाही, ब्लूटूथ कितीही छान जोडलेलं असलं तरी. बॅटरी वाचवायला वायफाय बंद ठेवायची सवय असलेल्यांना हेच नडतं.

कारप्लेची बिनतारी सोय २०१५ च्या आयओएस ९ पासून आहे. अँड्रॉइडवर ती आधी मोजक्या फोनांपुरती होती. अँड्रॉइड ११ पासून ५ गिगाहर्ट्झ वायफाय असलेल्या फोनांना सर्वसाधारणपणे मिळू लागली. गाडीलाही ती सोय असावी लागते. तारेचं कारप्ले आहे म्हणजे बिनतारी असेलच असं नाही.

तारेची सोय असून बिनतारी नसेल, तर छोटा वायरलेस अडॅप्टर मिळतो. तो गाडीच्या यूएसबी पोर्टमध्ये बसतो, गाडीला ‘मी तारेने जोडलेला फोन आहे’ असं भासवतो आणि खऱ्या फोनशी वायफायवर बोलतो. गाडीत मुळातच कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो नसेल, तर त्याचा काही उपयोग नाही. घेण्याआधी हे तपासाच.

कधी काय वापरावं? रोजच्या छोट्या फेऱ्यांना बिनतारी, कारण फोन खिशातून काढावाही लागत नाही. लांबच्या प्रवासाला केबल. बिनतारी जोडणीत फोन जास्त तापतो, बॅटरी झरझर उतरते आणि गर्दीच्या भागात कधीकधी चित्र अडखळतं.

जोडणी सारखी तुटत असेल तर व्हीपीएन ॲप (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं) बंद करून पाहा, फोनचा बॅटरी बचतीचा पर्याय बंद करा आणि फोनचा हॉटस्पॉट चालू असेल तर तोही बंद करा.

वायरलेस चार्जिंगच्या पॅडबद्दल थोडक्यात. त्याचं प्रमाण ‘ची’ या नावाने ओळखलं जातं आणि वेग साधारण ५ ते १५ वॅटपर्यंत असतो. फोनची आतली गुंडाळी आणि पॅडची गुंडाळी समोरासमोर आली पाहिजे. वळणावर फोन सरकला की चार्जिंग थांबतं. २०२३ मध्ये आलेल्या ‘ची २’ मध्ये चुंबक आहेत ते यासाठीच. कव्हरमध्ये बँकेचं कार्ड किंवा पॅडवर नाणी, किल्ल्या ठेवू नका. फोन तापला की तो स्वतःच चार्जिंग कमी करतो, त्यामुळे बिनतारी नकाशा आणि बिनतारी चार्जिंग दोन्ही उन्हात एकत्र चालवलं, तर बॅटरी फारशी भरत नाही.

स्क्रीन नसलेल्या जुन्या गाडीत

३.५ मिलिमीटरचं ऑक्स सॉकेट, म्हणजे हेडफोनसारखी पिन बसणारं छिद्र असेल तर गाण्यांचा प्रश्न सुटला. फोनला हेडफोनचं छिद्र नसेल, तर छोटा अडॅप्टर लागतो. ऑक्स आणि चार्जिंग एकाच वेळी लावलं, की स्पीकरमधून इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी किणकिण येते. चार्जर काढल्यावर ती थांबली, तर दोष अर्थिंगच्या वळशाचा (ग्राउंड लूपचा) आहे, म्हणजे चार्जर आणि ऑक्स या दोन्ही तारांच्या अर्थिंगमधून विजेचा गोंगाट शिरतो; ऑक्सच्या तारेत बसवायचा ग्राउंड लूप आयसोलेटर तो घालवतो. गाणी पेन ड्राइव्हवर नेत असाल आणि गाडी तो वाचत नसेल, तर तो एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट करून पाहा. आतलं सगळं पुसलं जाईल, म्हणून आधी प्रत काढा. काहीच सोय नसेल तर फोनची गाणी गाडीच्या रेडिओवर पाठवणारा एफएम ट्रान्समीटर आहे, पण रिकामी वारंवारता सापडली तरच तो बरा वाजतो.

गाडी हातातून जाताना आणि हातात येताना

भाड्याच्या गाडीत नुसतं चार्जिंग हवं असेल, तर यूएसबीऐवजी १२ व्होल्टच्या सॉकेटमधला स्वतःचा चार्जर वापरा. ब्लूटूथ जोडलंच, तर संपर्काची परवानगी नाकारा आणि गाडी परत करताना स्क्रीनवरून तुमच्या फोनची नोंद हटवा. तुमच्या आधीच्या माणसांची नावं त्या यादीत दिसतील, तेव्हा हे का सांगतोय ते कळेल.

स्वतःची गाडी विकताना एवढ्यावर भागत नाही. फोनची नोंद, संपर्क, कॉलयादी आणि नकाशातला ‘घर’ म्हणून साठवलेला पत्ता हे सगळं गाडीत राहतं. सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे साठवलेलं सगळं पुसून गाडीची प्रणाली मूळ स्थितीत येईल. कंपनीच्या ॲपमध्ये गाडी जोडलेली असेल, तर त्या खात्यातूनही ती काढा. फक्त फोनमधून ॲप पुसल्याने खात्याशी असलेलं नातं तुटत नाही.

जुनी गाडी विकत घेताना हेच उलट बाजूने तपासा. अशा ॲपमधून गाडी कुठे आहे ते दिसतं आणि अनेक गाड्यांची दारंही उघडता येतात. म्हणून किल्ली घेण्याआधी विक्रेत्याला तुमच्या समोर त्याच्या खात्यातून गाडी काढायला सांगा, गाडीचा फॅक्टरी रीसेट करा, आणि मगच तुमचा फोन पेअर करा.